वारस नसलेले सिंह

बँकेच्या नोकरीने घडवलेल्या प्रवासात एक मुक्काम चंदीगडचा होता. २००४ सालच्या एका रविवारी शेजाऱ्यांच्या मुलांना घेऊन मी जवळच्या छतबीर प्राणिसंग्रहालयात गेलो. जाळीच्या बसमधून सिंह सफारी सुरू झाली. डरकाळी ऐकायला मुले अधीर झाली होती. तेवढ्यात झाडाखालचा एक सिंह उठला, मागचे पाय ओढत चार पावले चालला आणि पुन्हा बसला. बसमधली मुले एकदम गप्प झाली.

त्या पायांमागे माणसाची चूक होती. गीरच्या वंशाचे सिंह आणि सर्कशींतून आलेले आफ्रिकी सिंह यांचा तेथे संकर झाला होता. वरवर पाहता दोन्ही सारखेच. गीरच्या सिंहाच्या पोटाखाली कातडीची लांब घडी असते आणि आयाळ विरळ असल्याने त्याचे कान दिसतात, इतकाच काय तो फरक. संख्या वाढली, तेव्हा कौतुकही झाले असेल. पण नव्वदच्या दशकात पुढच्या पिढ्यांचे मागचे पाय लुळे पडू लागले, रोगांशी झुंजण्याची ताकद खालावली. २००० सालाच्या सुमारास हे प्रजनन थांबवण्यात आले, नरांची नसबंदी झाली. सिंहांना मारायचे नाही, वंश वाढवायचा नाही. जगतील तोवर सांभाळायचे, असे ठरले.

बँकेत बुडीत कर्ज राइट ऑफ करता येते. या सिंहांना मात्र रोज भूक लागत होती. सफारीतला सिंह दिवसभर मोकळा असला तरी संध्याकाळी पिंजऱ्यात परततो, कारण मांस तिथे मिळते. प्रत्येकाला वेगळे वाढले, की दुबळ्याचा घास धट्टाकट्टा पळवत नाही आणि कोणी अन्न टाकले तर रखवालदाराला लगेच कळते. थकलेल्यांसाठी हाडे काढलेले मांस द्यावे लागते.

२०२२ साली जुनागढहून सिंहांची एक जोडी आपल्या बोरीवलीच्या उद्यानात आली. २०२५ च्या जानेवारीत तेथे छावा जन्मला, आणि मुंबईकरांना आनंद झाला. तो व्हावाच. जन्माच्या बातमीला वाचक मिळतात. मला मात्र छतबीरचे ते अनाम रखवालदार आठवतात. आपल्या सिंहांना वारस नाही हे ठाऊक असूनही ते वर्षानुवर्षे रोज संध्याकाळी मांस तोलत राहिले. चूक त्यांची नव्हती. फेड मात्र त्यांनी केली.