जुन्या मोटारींचे भाव आणि माणसांची वये

आमच्या कचेरीत ‘जडवस्तू संग्रह नोंदवही’ नावाची एक जाडजूड वही असते. कचेरीची मोटार तीत एकदा नोंदली गेली, की तिच्या मोलाला उतरती कळा लागते. दरसाल घसारा वजा होत होत शेवटी ती निर्लेखित होते आणि भंगाराच्या लिलावात जाते. मोटारीचे आयुष्य म्हणजे उतरणीचा रस्ता, अशीच आम्हां सरकारी माणसांची समजूत. परंतु अमेरिकेत मोटारींचा एक वर्ग असा आहे, की त्यांचे भाव आधी कोसळले, मग आकाशाला भिडले आणि आता पुन्हा हेलकावे खाऊ लागले आहेत. श्रोतेहो, ही हकीकत आज आपल्याला सांगायची आहे. ती जितकी मोटारींची आहे, तितकीच माणसांच्या वयाची आहे.

या मोटारींना तिकडे ‘मसल कार’ म्हणतात. आपण त्यांना पैलवान मोटारी म्हणू. मध्यम आकाराची, बेताच्या किमतीची गाडी घ्यावयाची आणि तिच्यात मोठ्या गाडीचे दांडगे इंजिन बसवावयाचे, ही त्यांची साधी युक्ती. जनरल मोटर्स कंपनीचा दंडक असा होता, की मध्यम गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन बसवू नये. तिच्या पाँटिअ‍ॅक शाखेतील जॉन डीलोरियन प्रभृती अभियंत्यांनी १९६४ च्या गाडीत ३८९ घनइंचांचे इंजिन दिले. मात्र ते मूळ गाडीचा भाग म्हणून नव्हे, तर गिऱ्हाइकाने जादा पैसे भरून मागून घ्यावयाची वस्तू म्हणून! नियम न मोडता त्याला वळसा घालण्याची ही कला आमच्या खात्यांनाही अगदीच अपरिचित नाही. या ‘जीटीओ’ गाडीचे पाचएक हजार नग खपतील असा अंदाज होता; पहिल्याच वर्षी ३२,४५० खपले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फोर्डची मस्टँग आली आणि पुढे तीही या आखाड्यात उतरली.

आता एक लहानसे गणित करू. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ पासून, अमेरिकेत जन्माचे प्रमाण एकाएकी वाढले. त्या साली जन्मलेले मूल १९६४ मध्ये बरोबर अठरा वर्षांचे झाले. पेट्रोल स्वस्त, रस्ते प्रशस्त आणि नुकतेच मिशीला कोवळे केस फुटलेले, अशा वयात या गाड्या त्याच्या डोळ्यांपुढून गर्जत गेल्या. काहींना त्या घेता आल्या. पुष्कळांना दुकानाच्या काचेला नाक लावूनच समाधान मानावे लागले. आणि कित्येकांच्या वाट्याला मोटारीऐवजी व्हिएतनामची लढाई आली. अपुरी राहिलेली ती हौस हेच पुढच्या सगळ्या किमतींचे मूळ होय.

हा बहर फार काळ टिकला नाही. तरुण चालकांच्या हाती इतके सामर्थ्य पाहून विमा कंपन्यांनी हप्ते वाढवले. १९७० मध्ये हवा शुद्ध राखण्याचा कडक कायदा झाला आणि इंजिनांचा जोर कमी करावा लागला. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेल रोखले आणि पेट्रोलच्या पंपांवर रांगा लागल्या. कालचे पैलवान आज घरात खाणारे तोंड ठरले. जुन्या बाजारात ते कवडीमोलाने विकले जाऊ लागले. कित्येक गंजून भंगारात गेले. १९७९ मध्ये सुरू झालेल्या ‘द ड्यूक्स ऑफ हॅझर्ड’ या दूरचित्रवाणी मालिकेतील उड्यांपायी तर डॉज चार्जर जातीच्या शेकडो गाड्यांचा चुराडा झाला. त्यांची खंत तेव्हा फारशी कुणाला वाटली नाही.

मग वर्षे उलटली. अठरा वर्षांचा तो मुलगा पन्नाशीच्या पुढे गेला. घराचे कर्ज फिटले, मुले शिकून मार्गी लागली, हाती चार पैसे खेळू लागले. तेव्हा त्याला ती गर्जना पुन्हा ऐकू येऊ लागली. मागणारे लाखो आणि शिल्लक गाड्या थोड्या, असे झाल्यावर भाव वाढणे ओघानेच आले. लिलाव दूरचित्रवाणीवर दिसू लागले आणि २००६ च्या सुमारास, म्हणजे तो मुलगा साठीत पोचला तेव्हा, या बाजाराला उधाण आले होते.

येथे एक मौज पाहा. एके काळी ज्या गाड्या खपल्या नाहीत, त्याच सर्वांत महाग ठरल्या. शेव्हरोलेने १९६९ मध्ये ‘झेडएल-१’ नावाच्या कॅमॅरो गाड्या केल्या. त्यांतील अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिनासाठीच चार हजार डॉलरांहून अधिक पैसे पडत. उरलेली सगळी गाडी त्याहून स्वस्त! अवघ्या ६९ गाड्या झाल्या आणि त्याही खपेनात. आज त्यांचे मोल लाखो डॉलरांत होते. प्लिमथची १९७१ ची उघड्या टपाची ‘हेमी कुडा’ जेमतेम डझनभर निघाली. तिच्यातील एक २०१४ मध्ये ३५ लाख डॉलरांना गेली. कालच्या गिऱ्हाइकाची नापसंती हीच आजच्या संग्राहकाची दुर्मिळता!

पैसा आला तेथे लबाडीही आली. साध्या गाडीवर नामांकित गाडीची चिन्हे चढवून ती विकणारे निघाले. म्हणून संग्राहक इंजिन, गिअरपेटी आणि सांगाडा यांवरचे क्रमांक ताडून पाहतात. कारखान्यातील जुने कागद हुडकतात. आपल्याकडे जमिनीला जसा सातबारा, तसे तिकडे मोटारीला हे क्रमांक. क्रमांक जुळले तर एक भाव, न जुळले तर निराळा.

परंतु चढलेला भाव कायम चढलेलाच राहील, ही खात्री कोणी द्यावी? २००८ च्या आर्थिक पडझडीत हे भाव कोसळले. नंतर ते सावरले आणि २०२० पासूनच्या साथीच्या काळात, व्याज स्वस्त असताना, पुन्हा उसळले. २०२२ पासून व्याजाचे दर वाढले आणि उत्साह ओसरला. अस्सल व दुर्मिळ गाड्यांना अजूनही गिऱ्हाईक आहे. मधल्या प्रतीच्या गाड्यांना मात्र वाट पाहावी लागते.

व्याजाचे दर उद्या उतरतीलही; वय उतरत नाही. १९४६ चे ते मूल आज ऐंशीच्या घरात आहे. जड क्लच दाबणे आता त्याच्या गुडघ्यांना झेपत नाही. त्याच्या पिढीच्या गाड्या एकामागून एक विक्रीस येत आहेत आणि वारसांना त्या कोठे ठेवाव्यात हाच प्रश्न पडला आहे. आज चाळिशीत असलेल्या अमेरिकनाने लहानपणी भिंतीवर चित्र लावले ते निसान स्कायलाइनचे किंवा टोयोटा सुप्राचे. पंचवीस वर्षांहून जुनी परदेशी गाडी तिकडच्या सुरक्षा-नियमांच्या कक्षेबाहेर जाते. त्यामुळे १९९९ च्या स्कायलाइनला २०२४ मध्ये अमेरिकेचे दार उघडले. नव्या पिढीचा पैसा त्या वाटेने वळत आहे. ज्या तरुणांना जुनी गाडी हवीच असते, त्यांच्यापैकी अनेकजण तिच्या पोटात नवे इंजिन आणि नवे ब्रेक बसवून घेतात. वडिलांना जुळणारे क्रमांक हवे होते. मुलाला रोज चालणारी गाडी हवी आहे.

यावरून काय घ्यावे? म्हातारपणाची पुंजी म्हणून ज्याने गाडी घेऊन गोणपाटाखाली झाकून ठेवली, त्याची अवस्था अवघड आहे. त्याच्या गाडीची किंमत तिच्या लोखंडात कधीच नव्हती. ती त्याच्याच वयाच्या लोकांच्या आठवणीत होती, आणि ते लोक आता एकेक करून निघून चालले आहेत. उलट ज्याने ती रविवारी सकाळी बाहेर काढली, नातवाला शेजारी बसवले, बिघडली तेव्हा हात काळे करून दुरुस्त केली, त्याला भाव उतरल्याची बातमी कळली तरी फारसे दुःख होणार नाही. त्याचे पैसे केव्हाच वसूल झाले आहेत. आणि कोणी सांगावे, शेजारी बसलेला तो नातू उद्या पन्नाशीचा होईल, तेव्हा तीच गर्जना त्यालाही ऐकू येईल.