एक दोष, चौदा रेघा

उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी पुष्कळ जण ठरवतात, यंदा राग सोडायचा. आठवड्याभरात तो निश्चय ढिला पडतो. ‘राग’ हा शब्दच इतका मोठा की नेमके काय सोडायचे ते कळत नाही. त्यात चाळीस दिवसांचा पल्ला. संत इग्नेशियस लोयोला यांनी या दोन्ही अडचणींवर सोळाव्या शतकात एक साधी रीत घालून दिली. १५२१ साली पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि अंथरुणावर त्यांचे मन पालटू लागले. पण मन पालटले म्हणून स्वभाव लगेच पालटत नाही, हे त्यांना अनुभवाने कळले. त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये मान्यता दिली. त्यातच ही रीत आहे: विशेष आत्मपरीक्षण.

आधी एकच दोष निवडायचा, आणि तो मोजता येईल असा. ‘राग’ नको, ‘घरच्यांवर खेकसणे’ चालेल. सकाळी उठताच ठरवायचे की आज याच्यापासून जपायचे. दुपारच्या जेवणानंतर देवाकडे दोन गोष्टी मागायच्या: किती वेळा घसरलो ते आठवण्याची कृपा आणि पुढे सुधारण्याची कृपा. मग सकाळपासूनचा एकेक तास डोळ्यांसमोर आणायचा आणि जितक्या वेळा खेकसलो तितके ठिपके वहीतल्या रेघेवर द्यायचे. लगेच नवा निश्चय, तोही फक्त रात्रीपर्यंतचा. रात्रीच्या जेवणानंतर पुन्हा तेच, दुसऱ्या रेघेवर. दिवसाला दोन रेघा, आठवड्याच्या चौदा. पुस्तकातल्या आकृतीत रविवारचे अक्षर मोठे आहे आणि पुढच्या वारांची लहान होत जातात. दोषही तसाच आटत जावा, ही अपेक्षा.

अर्ध्या दिवसाचा हा हिशेब मला या रीतीचा कणा वाटतो. सकाळी पाच ठिपके पडले तरी दुपारी पान संपत नाही, नवी रेघ सुरू होते. रात्री दोन्ही रेघा ताडून पाहायच्या, उद्याचा दिवस आजच्याशी आणि हा आठवडा मागच्याशी. शिवाय घसरलो की त्या क्षणी छातीवर हात ठेवून मनात खंत व्यक्त करायची; चारचौघांतही हे कुणाच्या लक्षात येत नाही.

सुरुवातीला ठिपके वाढलेले दिसले तर घाबरू नये. पूर्वी न दिसणारे आता दिसू लागलेले असते. चार-सहा दिवसांत वही आणखी काही सांगू लागते. समजा, बहुतेक ठिपके मुलांच्या शाळेच्या गडबडीतले आहेत. मग प्रार्थनेबरोबर डबा आणि दप्तर रात्रीच भरून ठेवायला हवे. देवाच्या कृपेला माणसाने अशी साथ द्यायची असते.

इथे एक धोका आहे आणि तो खुद्द इग्नेशियस यांनी भोगला होता. मान्रेसा गावी राहत असताना जुनी पापे पुन्हा पुन्हा उकरून ते इतके खचले की जीव देण्याचा विचार त्यांच्या मनात आला. म्हणूनच, मला वाटते, त्याच पुस्तकातल्या रोजच्या सर्वसाधारण परीक्षणाची पहिली पायरी पापाची ठेवलेली नाही. आधी मिळालेल्या दानांबद्दल देवाचे आभार, मग पाप ओळखण्याची कृपा, मग दिवसभरातले विचार, शब्द आणि कृती, मग क्षमायाचना, शेवटी सुधारण्याचा निश्चय आणि प्रभूची प्रार्थना. आभार वगळून थेट ठिपके मोजणारा माणूस लवकरच स्वतःला छळू लागतो. ज्याला प्रत्येक गोष्टीत पापच दिसते, त्याने वही मिटून आधी आपल्या फादरांशी बोलावे.

इग्नेशियस यांच्या येशूसंघाच्या घटनेत शिकणाऱ्या तरुणांनाही दिवसातून दोनदा आत्मपरीक्षण सांगितले आहे. १५७९ मध्ये गोव्याला आलेले, मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचणारे फादर थॉमस स्टीफन्स याच संघाचे. पण आत्मपरीक्षणासाठी मठात जावे लागत नाही. पंधरा मिनिटे आणि एक वही पुरते.

उपवासकाळाची वाट पाहू नका. आज रात्री जेवण झाल्यावर चौदा रेघा आखा, वर एकाच दोषाचे नाव लिहा आणि पहिला ठिपका देण्याआधी आज मिळालेल्या एका गोष्टीबद्दल देवाचे आभार माना.