हँडलपासून हनुवटीपर्यंत

लातूर-नांदेड रस्ता दहा वर्षांपूर्वी कसा होता हे आज कुणाला दाखवायचं म्हटलं, तर माझ्याकडे एकच साधन आहे: दुचाकीवरच्या कॅमेऱ्यातून झालेलं चित्रण. चाकूर हे लातूरहून पस्तीसेक किलोमीटरवरचं, याच रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. आता इथून राष्ट्रीय महामार्ग 361 जातो. तुळजापूरहून निघून औसा, लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड, यवतमाळ, वर्धा करत तो नागपूरजवळ बुटीबोरीला पोचतो. औसा-चाकूर, चाकूर-लोहा, लोहा-वारंगा अशा तुकड्यांत त्याचं चौपदरीकरण झालं. आधीचा रस्ता दुपदरी होता. समोरून ट्रक आला की दुचाकीनं खाली मुरमाच्या पट्टीवर उतरायचं, ट्रक गेला की पुन्हा वर चढायचं. कडेला लिंब, चिंच, मधूनच एखादा वड. रुंदीकरणात त्यातलं बरंच गेलं.

तेव्हाचं चित्रण आज लावून बसलं की त्या रस्त्याचा एक भाग अगदी लख्ख दिसतो आणि दुसरा अजिबात दिसत नाही. काय टिकलं नि काय निसटलं याचा कॅमेऱ्याच्या किमतीशी फारसा संबंध नव्हता. तो गाडीवर कुठे बसवला होता, त्यानं सगळं ठरलं.

हलत्या मोटरसायकलवर कॅमेरा बसवण्याचा खटाटोप तसा जुना आहे. अमेरिकेत ब्रूस ब्राऊन यांनी 1971 च्या ‘ऑन एनी संडे’ या माहितीपटासाठी शर्यतीतल्या स्वारांच्या हेल्मेटवर कॅमेरे बसवले होते. त्या काळचे फिल्मचे कॅमेरे डोक्यावर घेऊन उड्या मारणाऱ्या त्या माणसांच्या मानेचा विचार केला की आजही अंगावर काटा येतो. निक वुडमन यांनी गोप्रो कंपनी काढली 2002 मध्ये. तिचा 2004 चा पहिला कॅमेरा मनगटावर बांधायचा आणि फिल्मवर चालणारा होता, आणि 2009 मध्ये एचडी हिरो आला. आमच्याकडे हे लोण पोचलं ते चिनी बनावटीच्या स्वस्त कॅमेऱ्यांमुळे. एसजेकॅमचा एसजे-4000, मग 2015 चा शाओमीचा यी. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि चित्रण घरबसल्या पाठवता येऊ लागलं. त्यानंतर चाकूर, अहमदपूर, उदगीरच्या पोरांच्या गाड्यांवर डबीएवढे कॅमेरे दिसू लागले.

पहिली जागा सगळ्यांची एकच: हँडल. हाताशी असतो, बटण दाबता येतं, नटबोल्टानं आवळला की पडायची भीती नाही. पण इथल्या गाड्या बहुतेक एक सिलिंडरच्या. स्प्लेंडर, शाइन, पल्सर, बुलेट, कुठलीही घ्या. इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांनी फिरत असेल तर सेकंदाला सदुसष्टच्या आसपास हादरे बसतात, आणि ते चौकटीतून थेट हँडलच्या नळीत चढतात. या कॅमेऱ्यांचा सेन्सर चित्र एका झटक्यात टिपत नाही. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत तो चित्र वाचत जातो. वाचता वाचता कॅमेरा हलला की खांब वाकडे होतात, क्षितिज लाटांसारखं डोलतं. गॅरेजमधल्या मिस्त्रीनं हे एका वाक्यात सांगितलं होतं: “सर, तिथं नगा बसवू, इंजिन हाणतंय.” मग क्लॅम्पखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घालायचा उपाय निघाला. त्यानं बारीक थरथर कमी झाली, खड्ड्याचा दणका तसाच राहिला.

मोबाइल हँडलला अडकवून चित्रण करणाऱ्यांचं तर दुहेरी नुकसान व्हायचं. सप्टेंबर 2021 मध्ये अ‍ॅपलनं स्वतःच जाहीर केलं की मोटरसायकलच्या जोरदार कंपनांनी आयफोनमधली चित्र स्थिर ठेवणारी आणि फोकस साधणारी यंत्रणा बिघडू शकते. भिंग हलतं ठेवणारे नाजूक भाग ज्या फोनमध्ये आहेत, त्या कुठल्याही फोनला हे लागू पडावं.

हँडलवरच्या त्या काळातल्या चित्रणात डांबर भरपूर आहे. खड्डे, त्यांवरची ठिगळं, कडेची तुटलेली धार, हे सगळं इतकं बारकाईनं आलंय की रस्त्याच्या दुरुस्तीचा इतिहास त्यातून मांडता येईल. झाडांचे मात्र बुंधे आहेत, शेंडे नाहीत. भिंग कमरेच्या उंचीवर आणि जरा खाली झुकलेलं, त्यामुळे चिंचेच्या फांद्यांची रस्त्यावर धरलेली कमान चौकटीबाहेर राहिली. सावली डांबरावर पडलेली दिसते. ती कशाची होती हे चित्रात कुठेच नाही.

मग खालच्या जागांची लाट आली. लेगगार्डवर, पुढच्या शॉकअपच्या नळीवर, पाय ठेवायच्या जागेजवळ. पोरांना ही जागा आवडायची याचं कारण साधं आहे. रुंद कोनाचं भिंग जमिनीजवळ नेलं की रस्ता अंगावर धावून येतो आणि ताशी चाळीसचा वेग नव्वदसारखा भासतो. मला ही जागा तेव्हाही पटली नव्हती, आता तर तिच्याबद्दल ठाम बोलावंसं वाटतं. ती वेगाचं खोटं चित्र देते, आणि ते पाहणारा दुसरा पोरगा खऱ्या वेगानं तसं चित्र काढायला निघतो. मे 2023 मध्ये यमुना एक्सप्रेसवेवर ताशी तीनशेचा वेग गाठायच्या प्रयत्नात एक तरुण मोटोव्लॉगर गेला. बातमी आली तेव्हा इथल्या कितीतरी मुलांच्या मोबाइलवर त्याचे व्हिडिओ होते. चौपदरी रस्ता नवाकोरा, डोळ्यांपुढे असली चित्रं आणि हाताखाली पल्सर. त्या दिवसांत रस्त्यावर उभं राहायचीही धास्ती वाटायची.

छातीवरच्या पट्ट्याला मात्र मी न्याय देईन. शरीर हाच तिथे शॉकअप होतो. गाडीचा दणका कंबर आणि पाठ पिऊन टाकतात, कॅमेऱ्यापर्यंत थोडाच पोचतो. चौकटीत दोन हात, हँडल, टाकी आणि पुढे रस्ता येतो, त्यामुळे पाहणाऱ्याला आपण गाडीवर बसल्यासारखं वाटतं. काढणीच्या दिवसांत रस्त्याची अर्धी बाजू व्यापून सोयाबीन वाळत घातलेलं असायचं, पोती रचलेली, कडेनं दगड मांडलेले. त्यातून गाडी काढताना क्लचवरची बोटं कशी हलतात, हे छातीवरच्या कॅमेऱ्यानंच नीट टिपलंय. पण पुढे वाकलं की नुसती टाकी दिसते. एप्रिल-मेच्या उन्हात शर्टावरून पट्टे आवळून बसणं म्हणजे शिक्षा, आणि ढाब्यावर उतरलं की चार माणसं आधी विचारणार, चॅनेलवाले का?

शेवटी डोकं. इथे जागा तीन: माथ्यावर, कानशिलाजवळ आणि हनुवटीवर. माथ्यावरचा कॅमेरा दूरवरचं दाखवतो खरा, पण वारा त्याला मागे ओढतो आणि तासाभरानं मान भरून येते. पडलो तर ती उंच दांडी कशात अडकेल सांगता येत नाही. डिसेंबर 2013 मध्ये मायकेल शूमाकर यांना फ्रान्समध्ये स्कीइंग करताना अपघात झाला, तेव्हा त्यांच्या हेल्मेटवर कॅमेरा होता. त्या कॅमेऱ्यानं इजा वाढली का यावर जगभर चर्चा झाली. केरळच्या मोटार वाहन विभागानं 2022 मध्ये हेल्मेटवर कॅमेरा लावणाऱ्यांना दंड आणि परवाना निलंबनाचा इशारा दिला. कारण हेच, हेल्मेटच्या रचनेत ढवळाढवळ नको. कानशिलावरचा कॅमेरा एका बाजूचं वजन वाढवतो आणि दुसरी बाजू हेल्मेटनंच झाकते. आपण डावीकडून चालतो, धोका उजवीकडून ओव्हरटेक करत अंगावर येणाऱ्या गाडीचा. डाव्या कानशिलावरच्या कॅमेऱ्यात तीच बाजू अर्धी कापली जाते.

हनुवटीची जागा आमच्याकडे रुजायला वेळ लागला, कारण तिला पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट लागतं. 2016 मध्ये परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही असं जाहीर केलं, तेव्हा गावागावांतून विरोध झाला. 1 जून 2021 पासून देशात आयएसआय खुणेशिवायची दुचाकी हेल्मेटं बनवण्या-विकण्यावर बंदी आली. नियमांनी जे सावकाश घडत होतं, ते काही घरांत कॅमेऱ्यानं झटक्यात घडवलं. हनुवटीवर बसवायचा म्हणून पोरांनी अर्धी हेल्मेटं टाकून फुल फेस घेतली. आईबापांनी कितीदा सांगून जे झालं नव्हतं, ते असं झालं. याचं मला मनापासून समाधान वाटतं, त्यामागचं कारण काही का असेना.

बसवण्याची रीत जपून पाळावी लागते. हेल्मेटला भोक पाडायचं नाही, स्क्रू ठोकायचा नाही. हनुवटीचा भाग स्पिरिटनं पुसून घ्यायचा, चिकटपट्टी दाबून धरायची आणि निदान एक दिवस हात लावायचा नाही. मराठवाड्याच्या उन्हात उभ्या गाडीवर हेल्मेट टांगून ठेवलं की पट्टी ढिली पडते, शिवाय कॅमेराही तापून आपोआप बंद होतो. म्हणून थांबलं की हेल्मेट सावलीत. आणि भिंग थोडं वर झुकवायचं. गाडीवर बसल्यावर मान आपोआप पुढे झुकते. घरात आरशासमोर सरळ वाटणारा कॅमेरा रस्त्यावर टाकी दाखवतो. माइकचा छोटा तुकडा हेल्मेटच्या आत, गालाच्या फोमखाली दडवला की वाऱ्याचा घोंगाट जातो आणि बोलणं ऐकू येतं.

हनुवटीवरून दिसतं ते चालवणाऱ्याच्या नजरेचं. मान आरशाकडे वळली की चित्र वळतं. आष्टामोडला उदगीरच्या फाट्यावर उसाची जोड ट्रॉली वळतेय का हे पाहायला मी थबकतो, ते थबकणंही चित्रात येतं. 2018 मध्ये गोप्रोच्या हिरो-7 ब्लॅकनं चित्र स्थिर करण्याची पद्धत फार पुढे नेली, पुढच्याच वर्षी डीजेआयचा ऑस्मो अ‍ॅक्शन आला आणि हँडलवरचा थरकापही सॉफ्टवेअरनं बराच आवरला. तरी फरक उरतोच. गाडीला पक्क्या बसवलेल्या कॅमेऱ्याचं चित्र असं स्थिर केलं की क्षितिज शांत राहतं आणि गाडीच थडथडताना दिसते. मानेनं आवरलेल्या चित्रात तसं होत नाही.

माळेगावच्या यात्रेत याचा खरा कस लागला. लोहा तालुक्यातलं हे खंडोबाचं गाव याच रस्त्यावर आहे. मार्गशीर्षात भरणाऱ्या या यात्रेत घोडे, उंट, गाढवं, बैल यांचा मोठा बाजार असतो. गर्दीत गाडी पायांनी ढकलत न्यावी लागते. हँडलवरच्या कॅमेऱ्यात जनावरांचे पाय आणि माणसांच्या धोतरांचे सोगे आले होते. हनुवटीवरून चेहरे आले. दावणीला बांधलेल्या घोड्याच्या मालकाशी मी बोलतोय, तो डोळ्यांत बघून भाव सांगतोय, उंटाची मान वरून चौकटीत उतरतेय. एकच एक गर्दी, पण चित्रण दोन वेगळ्या यात्रांचं वाटावं असं. अर्थात समोरच्याला कॅमेरा चालू आहे हे सांगायलाच हवं. हनुवटीवरचा कॅमेरा लगेच ध्यानात येत नाही, म्हणून ही जबाबदारी इथे जास्त. चाकूरजवळच्या सीमा सुरक्षा दलाच्या केंद्राच्या बाजूला जाताना मी तो बंदच ठेवतो.

एका कामासाठी मात्र हनुवटी उपयोगाची नाही, ते म्हणजे पुरावा. अपघातात कोण कुठून आलं हे दाखवायचं तर आपली नजर नेमकी त्या क्षणी दुसरीकडे असू शकते. तिथे गाडीलाच पक्का बसवलेला, सतत पुढे पाहणारा, तारीख-वेळ बरोबर लावलेला कॅमेरा हवा. चित्रणाला न्यायालयात किती वजन, याचा मोठा निकाल मराठवाड्यातूनच गेलाय. 2014 च्या निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर निवडून आले. त्यांचा उमेदवारी अर्ज वेळेत आला का यावरचा वाद निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणावर येऊन ठेपला. जुलै 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मूळ साधनच हजर केलं नाही तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत कायद्यात सांगितलेलं प्रमाणपत्र हवंच. पुरावा कायदा आता बदललाय, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, प्रमाणपत्राची अट त्यातही आहे. म्हणून मी मुलांना सांगतो, काही घडलं तर कापलेली क्लिप ग्रुपवर टाकण्याआधी मूळ मेमरी कार्ड काढून जपून ठेवा.

अलीकडे इन्स्टा-360 सारखे सगळीकडे पाहणारे कॅमेरे आलेत. जागा ठरवायची कटकटच नको, कुठेही लावा, हवी ती बाजू नंतर निवडा, असं म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. दिशा नंतर निवडता येते, उंची नाही. शिवाय चित्र चांगलं यावं म्हणून तो लांब दांडीवर लावावा लागतो, आणि ती दांडी बाजाराच्या दिवशी चाकूरच्या गल्लीत कुणाच्या तरी तोंडाशी येते.

सध्या माझी मांडणी दोन कॅमेऱ्यांची आहे: एक हनुवटीवर, दुसरा पुढे हेडलाइटच्या वर रबराच्या गादीवर, फक्त नोंदीसाठी. तिसऱ्या जागेचा विचार चालू आहे. मागच्या कॅरियरवर, डावीकडे तोंड करून, जरा वर झुकलेला. महामार्गाचं काम झालं. आता वडवळ नागनाथ, नळेगाव या बाजूंचे, गावांना गावं जोडणारे रस्ते एकेक करून रुंद होतील. त्यांच्या कडेचे लिंब अजून उभे आहेत. कॅरियरच्या नळीला बसेल असा क्लॅम्प अहमदपूरला मिळाला आहे, ट्यूबचा तुकडा घरात आहेच. सोयाबीनची काढणी संपून रस्ते मोकळे झाले की सुरुवात वडवळच्या रस्त्यापासून करायची आहे.