हिंदूरावांचं घर कोणत्या नोंदीत शोधायचं?

दिल्लीत कुणी ‘हिंदूरावला दाखल केलंय’ म्हणालं, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पालिकेचं रुग्णालय येतं. उत्तर दिल्लीच्या रिजवर, मलकागंजच्या अंगाला असलेल्या या रुग्णालयाच्या ओपीडीत रोज प्रचंड गर्दी असते. पण ज्यांचं नाव केसपेपरवर छापलं जातं, ते हिंदूराव कोण, हे त्या रांगेत फारसं कुणाला ठाऊक नसतं. ते कागलच्या घाटग्यांपैकी. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे भाऊ, म्हणजे दौलतराव शिंद्यांचे मेहुणे. ग्वाल्हेरच्या राजकारणातून बाजूला झाल्यावर ते दिल्लीत राहिले आणि रिजवरचं एक ऐसपैस युरोपीय धाटणीचं घर त्यांनी घेतलं.

त्या घरात आधी कंपनी सरकारचा दिल्लीतला अधिकारी विल्यम फ्रेझर राहत असे. मार्च 1835 मध्ये त्याचा खून झाला, त्यानंतर घर हिंदूरावांकडे आलं. 1857 च्या आधीच हिंदूरावही वारले. त्या उन्हाळ्यात इंग्रज फौजेनं रिजवर तळ ठोकला, तेव्हा हे घर तिची आघाडीची चौकी बनलं. मेजर रीडच्या हाताखालच्या सिरमूर पलटणीच्या गुरख्यांनी ते धरून ठेवलं आणि शहराकडून येणाऱ्या तोफगोळ्यांनी त्याची चाळण झाली. रुग्णालय विसाव्या शतकातलं.

आता कोशकारानं या सगळ्याची नोंद कशी करायची? फ्रेझरचं घर, हिंदूरावांचं घर की हिंदूराव रुग्णालय? आणि नोंदी किती?

इटलीतल्या जुन्या व्हिलांच्या बाबतीत हाच पेच पदोपदी पडतो. रोममधली व्हिला फार्नेसिना सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधली ती आगोस्तिनो कीजी या सावकारानं. राफाएलनं तिथं चित्रं रंगवली तीही कीजीसाठीच. फार्नेसे घराण्यानं ती त्याच शतकात पुढे विकत घेतली आणि नाव त्यांचं लागलं. त्याच घराण्याची व्हिला फार्नेसे काप्रारोलाला आहे, ती वेगळीच. व्हिचेन्झाजवळची पाल्लाडिओची रोतोंदा पाओलो आल्मेरिकोनं बांधून घेतली, पुढे ती काप्रा कुटुंबाकडे गेली, म्हणून कागदोपत्री ती आल्मेरिको-काप्रा. लोक मात्र तिला रोतोंदाच म्हणतात. रोमच्या व्हिला बोर्गेझेत तर उद्यान एकीकडे आणि चित्रसंग्रहालय एकीकडे, अशा दोन नोंदी केल्यावाचून गत्यंतर नाही. चित्रं शोधणाऱ्याला झाडांची माहिती कशाला?

माझ्या मते बांधणाऱ्याच्या नावाचा हट्ट धरू नये. घर ज्या नावानं घडामोडींत उतरलं, ते नाव शीर्षकाला द्यावं. रिजवरच्या घराबाबत याचा भक्कम पुरावा आहे. फेलिचे बिआतो या इटालियन वंशाच्या छायाचित्रकारानं 1858 मध्ये दिल्ली टिपली. त्यात या घराचंही चित्र आहे, ढासळलेलं आणि गोळ्यांनी विदीर्ण झालेलं. त्याखाली नाव आहे हिंदूरावांच्या घराचं. वेढ्याच्या इंग्रजी वृत्तांतांतही तेच नाव येतं. मालक हयात नाही, आधीचा मालक इंग्रज, लिहिणारे इंग्रज. तरी घर मराठी सरदाराच्या नावानंच ओळखलं गेलं. फ्रेझर नोंदीच्या पहिल्या परिच्छेदात आलाच पाहिजे, पण शीर्षकात नको.

विभागणीचा प्रश्न जास्त अवघड. रुग्णालयाची नोंद वेगळी हवी, कारण खाटा आणि विभाग शोधणाऱ्या वाचकाला तोफगोळ्यांतून वाट काढायला लावणं बरं नव्हे. जवळच अशोकाचा स्तंभ उभा आहे. तो मूळचा मेरठचा. फिरोजशहा तुघलकानं तो चौदाव्या शतकात इथं आणला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला दारूकोठाराच्या स्फोटात त्याचे पाच तुकडे झाले आणि 1867 मध्ये ते जोडून तो पुन्हा उभा केला, असं तिथल्या पाटीवर कोरलं आहे. दोन हजार वर्षांचा हा इतिहास घराच्या नोंदीत कोंबणं म्हणजे दोन्हींवर अन्याय. सदर बाजाराकडचा बाडा हिंदूराव हा मोहल्लाही वेगळा, त्याला चार ओळी पुरेत. मात्र 1857 चा वेढा घराच्याच नोंदीत राहावा. त्यासाठी स्वतंत्र नोंद काढली, तर घराच्या नोंदीत उरणार काय? मजकूर वाढला म्हणून तोडायचा नसतो. तोडलेला भाग स्वतःच्या पायावर उभा राहतो का, ते पाहायचं.

मला सर्वांत टोचतं ते वेगळंच. या साऱ्या विभागणीत माणूसच हरवतो. घराचं नाव, रुग्णालयाचं नाव, मोहल्ल्याचं नाव. आणि ज्याचं नाव, तो कुठल्या तरी कंसात. मराठी कोशात ‘घ’खाली ‘घाटगे, हिंदूराव’ अशी त्यांची स्वतंत्र नोंद असावी. तिच्यात कागल यावं, बायजाबाई याव्यात, ग्वाल्हेर सुटल्यानंतरची दिल्लीतली वर्षं यावीत. आपल्या कोशांत नोंदीच्या शेवटी ‘पहा’ लिहून दुसऱ्या नोंदीकडे बोट दाखवण्याची चांगली रीत आहे. त्या ‘पहा’पुढे घर, रुग्णालय आणि मोहल्ला ही तिन्ही नावं यावीत, आणि त्या प्रत्येक नोंदीतून परत घाटग्यांकडे येता यावं. बिआतोचं छायाचित्र घराच्या नोंदीत छापावं. रुग्णालयाच्या नोंदीला आजच्या इमारतीचं चित्र पुरे.