खाड्याचं समीकरण

प्रथम वर्षाला बीजगणिताचा प्राथमिक वर्ग मी घेते. समोर कला आणि वाणिज्य शाखेची मुलं. कुणी दहावीनंतर गणिताच्या वाटेला गेलेलं नसतं, कुणी अकरावीला गणिताऐवजी एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घेतलेलं असतं. निम्मी तरी बाहेरगावची, पुण्यात सदाशिव किंवा नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहणारी. नव्या शैक्षणिक धोरणात दुसऱ्या शाखेचा विषय घेता येतो, म्हणून काही जण येतात. बहुतेकांच्या डोक्यात मात्र एमपीएससी किंवा बँकेची परीक्षा असते आणि तिथे गणित टळत नाही.

पहिल्या तासाला मी फळ्यावर एवढंच लिहिते: ३क्ष = १२. बरीच मुलं चार सांगतात. दरवर्षी कुणीतरी क्ष = १२ − ३ असं मांडून नऊ उत्तर काढतं. विचारलं तर कारण तयार असतं, ‘मॅडम, पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं ना?’

हे वाक्य आपल्याकडे शाळाशाळांतून घोकवलं जातं. मार्क मिळवायला ते पुरतं, म्हणून टिकलंय. पण समीकरणात कुठलीच गोष्ट पलीकडे जात नसते. दोन्ही बाजू सारख्या आहेत, म्हणून दोन्हींवर एकच क्रिया केली तरी त्या सारख्याच राहतात, एवढाच सगळा व्यवहार. तीन वह्यांचे बारा रुपये, तर एकीचे किती? इथे दोन्ही बाजूंना तीनने भागायचं हे त्या मुलांना दुकानात कुणी शिकवावं लागत नाही. वर्गात अक्षर दिसलं की मात्र ती अर्थ सोडून नियम शोधायला लागतात.

म्हणून मी मेसचं गणित घेते. समजा, मेसचे महिन्याला ३००० रुपये, दोन वेळचं मिळून ६० जेवणं. एका वेळेचा खाडा झाला तर ३० रुपये वजा. बाहेर राइस प्लेट ८० रुपयांना. महिन्यात किती वेळा जेवणार असाल तर मेस लावणं परवडेल?

जेवणं क्ष धरली, तर खाडे (६० − क्ष). मेसचं बिल ३००० − ३०(६० − क्ष). आता कंस सोडवायचा. इथे वर्ग दोन तटांत विभागला जातो. काहींचं उत्तर १२०० + ३०क्ष येतं, काहींचं १२०० − ३०क्ष. दुसरं उत्तर काढणाऱ्या एका मुलीला मी म्हटलं, ‘बरोबर की चूक ते मी सांगत नाही. तुझं बिल मला मराठीत वाचून दाखव.’ ती वाचायला लागली, ‘बाराशे रुपये, त्यातून प्रत्येक जेवणाचे तीस वजा…’ आणि मध्येच थांबली. ‘म्हणजे जेवढं जास्त जेवू तेवढं बिल कमी? असं कसं होईल मॅडम?’ तिने स्वतःच वजाचं अधिक केलं. त्यानंतर कंसाबाहेरच्या उणे चिन्हाला ती फसलेली मी पाहिली नाही.

पुढचं सोपं आहे. बाहेर खाल्लं तर ८०क्ष, मेसमध्ये १२०० + ३०क्ष. दोन्ही सारखे कधी? ५०क्ष = १२००, म्हणजे क्ष = २४. चोवीसपेक्षा जास्त वेळा जेवणार असाल तर मेस लावा. मग कुणीतरी विचारतंच, ‘खाडा वीसच रुपये धरला तर?’ त्या प्रश्नापाशी मुलं खऱ्या अर्थाने बीजगणितात आलेली असतात. उत्तर एका आकड्याचं राहत नाही, आकडे बदलले तरी मांडणी तीच राहते, हे त्यांना दिसलेलं असतं.

उणे संख्यांचं भय जुनं आहे आणि त्यावरचा उपायही जुना. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त धन आणि ऋण यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम दिले. शून्यातून ऋण वजा केलं की धन होतं, हा त्यातलाच. खाडा कमी झाला की बिल वाढतं, हे त्याच जातीचं.

भास्कराचार्यांचं ‘बीजगणित’ ११५० सालच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चा भाग. त्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून नातवाने, चांगदेवाने, मठ काढल्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात आहे. म्हणजे हा विषय संस्था काढून शिकवण्याची आपल्याकडची परंपरा आठशे वर्षांची. ‘बीजगणिता’त अज्ञात राशीला यावत्तावत् म्हटलंय. आणखी अज्ञात राशी आल्या की कालक, नीलक, पीतक असे रंग येतात. त्यातलं माकडांचं उदाहरण मी दरवर्षी घेते. टोळीच्या पाचव्या भागातून तीन वजा करा, उरतील त्यांचा वर्ग करा. तेवढी माकडं गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसतंय. टोळी केवढी? वर्गसमीकरण सोडवलं की ५० आणि ५ अशी दोन उत्तरं येतात. पाच घालून पाहा: पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले, उणे दोन, वर्ग चार, अधिक एक, पाच. आकडेमोड चोख जुळते. पण ‘उणे दोन माकडं’ म्हणजे काय? भास्कराचार्यांनी हे दुसरं उत्तर सोडून द्यायला सांगितलं, कारण ऋण संख्या लोकांना पटत नाही. उत्तर काढून झाल्यावर ते परत गोष्टीत नेऊन वाचायचं, हा धडा इतका स्पष्ट मला दुसरीकडे सापडलेला नाही.

हे सगळं शाळेचं, कॉलेजात कशाला, असं पालक विचारतात. फर्ग्युसनमध्ये १८९१ पासून धोंडो केशव कर्वे गणित शिकवत होते, पुढे रँग्लर परांजपे आले. या गावात हा प्रश्न पडू नये. त्याहून मला श्रीराम अभ्यंकर आठवतात. हार्वर्डमध्ये झारिस्कींकडे शिकलेले, पर्ड्यू विद्यापीठातले जगन्मान्य बीजभूमितिकार. १९७६ मध्ये त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केलं. त्याच वर्षीच्या एका दीर्घ लेखात त्यांनी बीजगणिताचे शाळेचं, कॉलेजचं आणि विद्यापीठाचं असे तीन प्रकार पाडले आणि शाळेच्या बीजगणिताची, म्हणजे बहुपदींच्या प्रत्यक्ष आकडेमोडीची, हिरिरीने बाजू घेतली. या लेखाला १९७८ मध्ये शोव्हने पारितोषिक मिळालं. आयुष्यभर अवघड भूमिती केलेला माणूस शाळेच्या बीजगणिताला एवढा मान देतो, तर एकोणीस वर्षांच्या मुलाने ते पुन्हा शिकायला लाजायचं काय कारण?

या वयात ते सोपंही जातं. खोलीचं डिपॉझिट, मोबाइलचा हप्ता, मित्राची उधारी हे सगळं ही मुलं स्वतः सांभाळतात. नवी पुस्तकं घ्यायची गरज नाही. बालभारतीची नववी-दहावीची ‘गणित भाग १’ पुस्तकं इंटरनेटवर फुकट मिळतात. आधी नववीतल्या बहुपदी, मग दोन चलांतील रेषीय समीकरणं, मग दहावीची वर्गसमीकरणं, या क्रमाने जावं. सूत्रांचं पाठांतर शेवटी. सुरुवातीला प्रत्येक ओळीशेजारी ती ओळ काय म्हणते ते मराठीत लिहावं आणि उत्तर आलं की ते मूळ समीकरणात घालून पाहावं. वेळ लागतो. माझ्या वर्गात एका तासाला तीन-चारच उदाहरणं होतात, आणि मी त्यापेक्षा जास्त घेतही नाही.