कंदीलपुष्प बाटलीत वाढतं, पण वाचतं पठारावरच

पावसाळ्यात सह्याद्रीच्या पठारांवर, गवतात वाकून पाहिलं तर कधीकधी एक नवल दिसतं. तळाशी फुगीर, वर निमुळती होत गेलेली नळी आणि तिच्या तोंडाशी पाच पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटून झालेला पिंजरा. हुबेहूब कंदील! म्हणूनच या फुलाचं नाव कंदीलपुष्प, शास्त्रीय भाषेत सेरोपेजिया. गावाकडे अनेक ठिकाणी त्याला खरपुडी म्हणतात आणि त्याचा कंद खणून खातात.

याच्या काही प्रजाती एखाद-दुसऱ्या डोंगरापुरत्याच उरल्या आहेत. नाशिकजवळच्या अंजनेरीवरून एका प्रजातीला नाव मिळालं, तर २०२३ साली विशाळगडावर सापडलेल्या नव्या प्रजातीला शिवरायांचं. चराई, वणवे, कंद खणणं आणि पठारांवरची बांधकामं यांमुळे ही फुलं संकटात आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्या संवर्धनासाठी अनेक वर्षं काम केलं आहे. अशा कामात प्रयोगशाळेची मोठी मदत होते. मात्र त्याविषयीचे काही समज दूर व्हायला हवेत, कारण भलत्या भरवशावर राहिलो तर झाड हातचं जाईल.

गैरसमज १: टिश्यू कल्चर म्हणजे झाडाच्या जनुकांत ढवळाढवळ.

वस्तुस्थिती: जळगावची टिश्यू कल्चरची केळी आपण नेहमी खातो. तिथे जे तंत्र वापरतात, तेच इथे. वेलाचा पेराजवळचा छोटा तुकडा घ्यायचा, धुऊन निर्जंतुक करायचा आणि साखर, क्षार, जीवनसत्त्वं व संप्रेरकं घातलेल्या आगरवर बाटलीत ठेवायचा. वनस्पतीच्या एका पेशीतही अख्खं झाड घडवण्याची क्षमता असते, हा विचार गॉटलिब हाबरलांट यांनी १९०२ मध्येच मांडला होता. १९५८ मध्ये एफ. सी. स्टुअर्ड यांनी गाजराच्या पेशींवरच्या प्रयोगांतून त्याला बळ दिलं. यात बाहेरचं जनुक घातलं जात नाही. संप्रेरकांचं प्रमाण बदललं की त्याच तुकड्याला कधी कोंब फुटतात, कधी मुळं. कंदीलपुष्पाच्या काही प्रजातींनी तर बाटलीतच इवलेसे कंद धरले आहेत, फुलंही दिली आहेत.

गैरसमज २: एका तुकड्यापासून हजार रोपं केली, की प्रजाती वाचली.

वस्तुस्थिती: ती हजार रोपं म्हणजे एकाच झाडाच्या हजार प्रती. जे एकाला मारेल, ते सगळ्यांना मारेल. ‘ग्रो मिशेल’ ही केळीची जात एकेकाळी जगाच्या बाजारात सगळीकडे होती. पनामा रोगापुढे ती टिकली नाही आणि १९५०-६० च्या दशकांत तिची जागा दुसऱ्या जातीला द्यावी लागली. म्हणून संवर्धनासाठी काम करणारा अभ्यासक शक्य तितक्या वेगवेगळ्या झाडांचे नमुने घेतो आणि कुठलं रोप कुठल्या झाडाचं, याची नोंद ठेवतो. हजार रोपं एका झाडाची असण्यापेक्षा पन्नास झाडांची वीस-वीस असणं केव्हाही मोलाचं.

गैरसमज ३: बी गोठवून ठेवलं की काळजी मिटली.

वस्तुस्थिती: धान्य-कडधान्यांचं बी नीट वाळवून उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवलं, तर वर्षानुवर्षं तग धरतं. आंबा, फणस यांच्या बिया मात्र वाळल्या की मरतात. अशा वनस्पतींचे भ्रूण किंवा कोंबाची टोकं उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये जपण्याचे प्रयत्न होतात. शिवाय जपून ठेवलेल्या बियांची उगवण अधूनमधून तपासावी लागते. कंदीलपुष्पाला मुळातच शेंगा कमी धरतात, त्यामुळे जपायला बी मिळणं हेच अवघड.

गैरसमज ४: बाटलीतलं रोप उचलून थेट डोंगरावर लावता येतं.

वस्तुस्थिती: बाटलीत हवा दमट असते आणि साखर आयती मिळते. तिथल्या पानावर मेणाचा थर पातळ असतो आणि त्याची रंध्रं नीट मिटत नाहीत. बाहेर काढलं की तासाभरात रोप मान टाकतं. म्हणून आधी मुळांना चिकटलेलं आगर हलक्या हाताने धुतात, नाहीतर त्यातल्या साखरेवर बुरशी धरते. मग कुंडीत लावून वर प्लास्टिकची पिशवी झाकतात आणि ती दिवसागणिक थोडी थोडी उघडत नेतात. यात कित्येक रोपं दगावतात. तगलेली रोपं पावसाच्या तोंडावर डोंगरावर नेली, तरी गुरं आणि कडक उन्हाळा समोर असतोच.

गैरसमज ५: प्रयोगशाळा आहे, मग पठार गेलं तरी चालेल.

वस्तुस्थिती: पुन्हा त्या फुलाकडे पाहू. इवलीशी माशी वासाने ओढली जाऊन नळीत उतरते. नळीतल्या खाली झुकलेल्या केसांमुळे तिला परत वर येता येत नाही. आत धडपडताना परागांच्या पिशव्या तिला चिकटतात. पुढे केस कोमेजले की ती सुटते आणि दुसऱ्या फुलात जाते. ती माशी, गवत, कातळावरची वीतभर माती यांतलं काहीच बाटलीत तयार होत नाही. प्रयोगशाळा आपल्याला अवधी मिळवून देते. त्या अवधीत पठार राखायचं काम आपलं आहे.

तेव्हा कंदीलपुष्प दिसलं तर डोळे भरून पाहावं, फोटो काढावा, पण नेमकी जागा जगजाहीर करू नये. कुंडीत लावू म्हणून कंद तर मुळीच उपटू नये. एक कंद गेला की काही ठिकाणी वस्तीचा मोठा हिस्साच जातो. बाटलीतून डोंगरावर गेलेल्या रोपाला शेंग धरली, रेशमी शेपटीचं बी वाऱ्यावर उडालं आणि पुढच्या पावसात आपणहून रुजलं, की मगच म्हणावं, झाड वाचलं.