समितीच्या मेजावर एक भाषा

कायदा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे विधानसभेचे सभागृह येते. बाके वाजतात, घोषणा होतात, अध्यक्ष ‘होयचे बहुमत, होयचे बहुमत’ म्हणतात आणि विधेयक संमत होते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दोन कॉलमांची बातमी येते. पण त्या कायद्यातला एखादा शब्द तसाच का आहे, तो कोणाच्या सांगण्यावरून आला आणि कोणता शब्द त्याच्यासाठी बाजूला झाला, हे बातमीत नसते. ते समजून घ्यायचे तर सभागृह सोडून शेजारच्या लहान खोलीत जावे लागते. तिथे समिती बसलेली असते. आज अशाच एका खोलीविषयी बोलू. ती आहे स्कॉटलंडच्या राजधानीत, एडिंबरोमध्ये. आणि तिथे पुन्हा पुन्हा मेजावर आलेला एक विषय आहे भाषेचा.

थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. १७०७ साली स्कॉटलंडची संसद इंग्लंडच्या संसदेत विलीन झाली. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षे स्कॉटलंडचे कायदे लंडनमध्ये, वेस्टमिन्स्टरला होत राहिले. सप्टेंबर १९९७ मध्ये सार्वमत घेण्यात आले. मतदान करणाऱ्यांपैकी ७४ टक्क्यांहून अधिक लोकांनी स्वतंत्र पार्लमेंट हवे असा कौल दिला. त्यानुसार १९९८ चा स्कॉटलंड कायदा झाला, मे १९९९ मध्ये निवडणूक झाली आणि १२९ सदस्यांचे पार्लमेंट कामाला लागले. २००४ पासून ते होलीरूड भागातल्या नव्या इमारतीत भरते, म्हणून लोक त्याला ‘होलीरूड’ असेच म्हणतात.

हे पार्लमेंट सार्वभौम नाही, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. आपल्याकडे राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राची सूची, राज्याची सूची आणि समवर्ती सूची आहे. राज्याचा अधिकार घटनेने दिलेला असतो. स्कॉटलंडला मिळालेला अधिकार मात्र लंडनच्या संसदेने एका कायद्याने दिलेला आहे. त्या कायद्याची रचना मजेदार आहे. स्कॉटलंडने काय करावे याची यादी त्यात नाही. काय करू नये याची आहे. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, चलन, स्थलांतर हे विषय लंडनने स्वतःकडे राखून ठेवले. राखून न ठेवलेले सारे स्कॉटलंडचे. शिक्षण, आरोग्य, जमीन, न्यायव्यवस्था आणि भाषा हे विषय त्यामुळे एडिंबरोकडे आले.

आता समित्यांकडे वळू. होलीरूडला एकच सभागृह आहे. आपल्या विधान परिषदेसारखे दुसरे सभागृह तिथे नाही. मग घाईत झालेली चूक पकडणार कोण? ते काम समित्यांवर सोपवले आहे. प्रत्येक विषयाची कायम समिती असते आणि पक्षांच्या बळाच्या प्रमाणात तिच्यात सदस्य असतात. सरकारने किंवा एखाद्या सदस्याने विधेयक मांडले की ते तीन टप्प्यांतून जाते.

पहिल्या टप्प्यात समिती एवढेच विचारते, की या कायद्याचे मूळ तत्त्व योग्य आहे का? त्यासाठी ती लोकांकडून लेखी मते मागवते, साक्षीदारांना बोलावते. त्यात प्राध्यापक असतात, शिक्षक असतात, नगरपालिकेचे अधिकारी असतात, एखाद्या बेटावरचे कार्यकर्तेही असतात. समितीचा अहवाल सभागृहापुढे येतो आणि तत्त्वाला मंजुरी द्यायची की नाही हे सभागृह ठरवते. दुसऱ्या टप्प्यात विधेयक परत समितीकडे येते. आता कलमागून कलम, ओळीमागून ओळ वाचून दुरुस्त्या सुचवल्या जातात आणि त्यांवर मतदान होते. तिसऱ्या टप्प्यात संपूर्ण सभागृह शेवटच्या दुरुस्त्या घेऊन निर्णय देते. नंतर चार आठवडे थांबतात. त्या अवधीत हा कायदा पार्लमेंटच्या अधिकारात बसत नाही असे सरकारच्या विधी अधिकाऱ्यांना वाटले तर ते सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतात. कोणी गेले नाही तर राजाची संमती मिळून कायदा होतो.

हे चार आठवडे केवळ उपचाराचे नाहीत. मार्च २०२१ मध्ये होलीरूडने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार आपल्या कायद्यात आणणारे विधेयक एकमताने संमत केले. एकही मत विरोधात नव्हते. तरीही लंडनच्या विधी अधिकाऱ्यांनी ते सर्वोच्च न्यायालयात नेले आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितले, की यातल्या काही तरतुदी तुमच्या अधिकाराबाहेर जातात. विधेयक दुरुस्त करून डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा संमत करावे लागले. एकमत असले म्हणजे अधिकार मिळतो असे नाही, हा धडा त्यातून मिळाला.

आता भाषेची गोष्ट. स्कॉटलंडमध्ये इंग्रजीखेरीज दोन जुन्या भाषा आहेत. एक गेलिक. तिथले लोक तिला ‘गॅलिक’ म्हणतात. ती आयरिश भाषेची जवळची नातेवाईक; उत्तर-पश्चिमेच्या डोंगराळ मुलखात आणि बेटांवर बोलली जाणारी. दुसरी स्कॉट्स. ती इंग्रजीची बहीण. रॉबर्ट बर्न्सच्या कविता या स्कॉट्समधल्या.

१८९१ च्या जनगणनेत गेलिक बोलणारे अडीच लाखांहून अधिक होते. २००१ मध्ये उरले ५८ हजार ६५२. ही घट आपोआप झाली नाही. जमीनदारांनी मेंढ्यांसाठी कुळे उठवली, माणसे समुद्रापार गेली. १८७२ चा शिक्षण कायदा आला, तेव्हा त्यात गेलिकचा उल्लेखसुद्धा नव्हता. शाळेत इंग्रजी, घरी गेलिक, आणि पुढच्या पिढीत घरीही इंग्रजी. भाषा अशीच जाते. तिच्यावर बंदी घालावी लागत नाही. तिला कागदावर जागा दिली नाही तरी पुरते.

होलीरूड आल्यावर तिला जागा द्यायची खटपट सुरू झाली. २००२ साली मायकेल रसेल या सदस्याने खासगी विधेयक आणले. २००३ च्या निवडणुकीपूर्वी वेळ संपला आणि ते बारगळले. पुढे सरकारने स्वतःचे विधेयक २००४ साली मांडले आणि ते शिक्षण समितीकडे आले. वाद होता तो मुख्यतः एका शब्दावर. गेलिक ही स्कॉटलंडची अधिकृत भाषा, इथपर्यंत ठीक; पण इंग्रजीच्या तुलनेत तिचे स्थान काय? भाषेच्या बाजूने बोलणाऱ्या अनेकांना ‘समान वैधता’ असे शब्द हवे होते. सरकारला भीती अशी, की उद्या कोणी कोणत्याही कार्यालयात, कोणत्याही न्यायालयात गेलिकमधूनच काम करा म्हणाला तर काय करायचे? शेवटी कायद्यात आले ते ‘समान आदर’. २१ एप्रिल २००५ रोजी विधेयक एकमताने संमत झाले. ‘बोर्ड ना गालिक’ या मंडळाला त्याने कायदेशीर आधार दिला आणि सरकारी संस्थांना गेलिकच्या वापराचा आराखडा करायला सांगण्याचा अधिकार त्या मंडळाला दिला.

कवितेच्या धंद्यात आयुष्य गेल्यामुळे मला हा वाद महत्त्वाचा वाटतो. वैधता आणि आदर हे दोन शब्द शेजारशेजारचे वाटतात, पण त्यांच्यात मोठे अंतर आहे. वैधता मागता येते, ती नाकारली तर दाद मागता येते. आदर मिळाला तर मिळाला. कोणत्या न्यायालयात जाऊन आदर वसूल करणार? तरी आदर हा शब्द अगदी पोकळही नाही. जिची बोली गावंढळ म्हणून हिणवली गेली त्या आजीला, तिची भाषा इंग्रजीइतक्याच मानाची आहे असे देशाचा कायदा सांगतो, ही गोष्ट लहान नाही. माझ्या घरात दखनी बोलली जाते आणि कविता मी मराठीत लिहितो. दखनी ही भाषा की बोली, असे मला अनेकदा विचारले गेले आहे. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच ठरलेले असते. म्हणून स्कॉट्स बोलणाऱ्यांचे दुखणे मला लवकर कळते. त्यांनाही हेच ऐकावे लागले, की तुमची ती भाषा नव्हे, ते बिघडलेले इंग्रजी. जनगणनेत स्कॉट्सविषयी प्रश्न प्रथम विचारला गेला तो २०११ साली. पंधरा लाखांहून अधिक लोकांनी आपल्याला ती बोलता येते असे सांगितले. विचारले नव्हते तोवर हे लोक कोणत्याच रकान्यात नव्हते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने नवे भाषा विधेयक आणले. गेलिक आणि स्कॉट्स या दोन्ही भाषांना अधिकृत दर्जा द्यायचा, शाळांतील शिक्षणाची व्यवस्था मजबूत करायची आणि गेलिक जिथे अजून टिकून आहे असे प्रदेश ‘भाषिक महत्त्वाचे क्षेत्र’ म्हणून ठरवता यावेत, अशी त्याची कल्पना. ते पुन्हा शिक्षणाच्या समितीपुढे आले. समितीपुढे आलेल्या मतांत एक सूर सतत होता : दर्जा द्या, पण तेवढ्याने भाषा वाचणार नाही. बेटांवर तरुणांना घर परवडत नाही, काम मिळत नाही, मग ते शहरात जातात. बोलणारी माणसेच निघून गेल्यावर फलकावरची भाषा वाचणार कोण? हा प्रश्न खरे तर गृहनिर्माण आणि रोजगाराचा आहे, तो भाषेच्या कायद्यात कसा बसवायचा? समितीची खोली लहान असली तरी असे प्रश्न तिथेच प्रथम नोंदले जातात. उपपंतप्रधानपदासारखे पद सांभाळणाऱ्या केट फोर्ब्स यांनी विधेयक पुढे नेले. १७ जून २०२५ रोजी ते संमत झाले आणि ३१ जुलैला त्याचा कायदा झाला.

आता आकडे काय सांगतात? २०२२ च्या जनगणनेत गेलिक बोलणारे ६९ हजार ७०१ झाले. म्हणजे २००१ पेक्षा वाढले. शहरातल्या गेलिक शाळांचे हे श्रेय. पण भाषेचे माहेर समजल्या जाणाऱ्या पश्चिम बेटांवर बोलणाऱ्यांचे प्रमाण २०११ मध्ये निम्म्याहून अधिक होते, ते २०२२ मध्ये ४५ टक्क्यांवर आले. शाळेत भाषा वाढते आहे आणि चुलीपाशी आटते आहे. २०२० साली संशोधकांच्या एका गटाने तर असा इशारा दिला होता, की हीच गती राहिली तर रोजच्या व्यवहारातली गेलिक दहा वर्षांत संपेल.

मग समित्या, साक्षी, दुरुस्त्या यांचा उपयोग काय, असे कोणी विचारील. या व्यवस्थेत दोष आहेत. सदस्य पक्षाच्या शिस्तीने मत देतात, त्यांच्यापुढे विधेयकांची रांग असते, लोकांची मते ऐकून घेतली तरी ती मानली जातातच असे नाही. पण एक गोष्ट तिथे पक्की आहे. कोण काय म्हणाले याची शब्दशः नोंद होते आणि ती कोणालाही वाचता येते. एकट्या माणसाच्या सहीनेही पार्लमेंटकडे अर्ज करता येतो. एखादा शब्द कायद्यात का आला आणि का आला नाही, हे वीस वर्षांनी शोधता येते. २००५ मध्ये ‘आदर’वर थांबलेली चर्चा २०२५ मध्ये ‘अधिकृत दर्जा’पर्यंत आली, ती अशा नोंदींच्या आधारानेच.

आपल्याकडेही विधेयके संयुक्त समितीकडे जातात, सूचना मागवल्या जातात. आपण त्या पाठवतो का? बहुतेकदा आपल्याला मुदत संपल्यावर कळते, आणि कळले तरी ‘आपले कोण ऐकणार’ म्हणून आपण गप्प बसतो. स्कॉटलंडचा अनुभव इतकेच सांगतो, की कायदा भाषेला जागा देऊ शकतो, मान देऊ शकतो, शाळा देऊ शकतो. रात्री जेवताना लेकराशी कोणत्या भाषेत बोलायचे, हे मात्र कोणतीही समिती ठरवू शकत नाही. ते कलम घरातच संमत व्हावे लागते.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)